दुसरं छप्पर

नकाशावर दीपमाला आवारीचं नाव होतं, म्हणून फोन तिलाच आला. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता, दुपारचे अडीच वाजले होते. आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या केबिनच्या कारखान्यात ती संगणकापुढे बसली होती. पलीकडचा माणूस तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलत होता. चुनखडीच्या खाणीचा सेफ्टी ऑफिसर, नरसिंगराव.

"डिझाइन आपकाच है ना मॅडम? दरवाजे पे नाम लगा है."

ती हो म्हणाली.

"तो आके देखो. एक औरत अंदर बेहोश हो गई. बाकी औरतां सब बाहर बैठ रहे."

तिनं पुन्हा विचारलं, "अंदर?" तो म्हणाला, "हाँ, अंदर." आणि फोन ठेवला.

तिला पहिल्यांदा राग आला तो त्या माणसाचा. तिच्या खोलीत माणूस उन्हानं बेशुद्ध पडणार नाही हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काहीच माहीत नव्हतं. त्या खोलीसाठी तिनं एक अख्खा उन्हाळा घालवला होता.

दीपमाला भीमपूर मंडलातली, पैनगंगेच्या काठाकडच्या एका गावातली. वडील उद्धवराव कापूस आणि ज्वारी पेरणारे. घरी मराठी, शाळेत तेलुगू. ती दहावीत असताना त्यांच्या घरावरची मातीची कवेलू काढून पत्रे टाकले. सगळ्या गावात तेव्हा पत्रे येत होते. पहिल्याच उन्हाळ्यात त्या घरात दुपारी बसवेना. उद्धवरावांनी मग घराच्या चारी बाजूंनी बल्ल्या रोवल्या, पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून आडवे बांबू बांधले आणि त्यावर शेतातल्या पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, अंथरल्या. लोक हसले. घरावर मांडव कोण घालतं? उद्धवराव म्हणाले, "पत्र्यालेबी सावली लागते." त्या वर्षी शेजारच्या बाया धान्य निवडायला यांच्या घरात येऊन बसू लागल्या. दुसऱ्या वर्षी गावात अकरा घरांवर पऱ्हाट्या चढल्या.

पुढे आदिलाबादच्या पॉलिटेक्निकमधून तिनं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि या कारखान्यात नकाशे काढायला लागली. इथं लोखंडी केबिन बनत. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. ट्रेलरवर घालून न्यायच्या, जागेवर क्रेननं उतरवायच्या, एकीला एक बोल्टानं जोडायच्या, काम संपलं की उचलून पुढच्या खाणीवर न्यायच्या. चौकीदाराची खोली, वजनकाट्याची खोली, कामगारांची विसाव्याची खोली, सगळं तेच. कारखान्यातले लोक त्यांना डब्बे म्हणत. दोन वर्षं दीपमालानं डब्बेच काढले. दार इथं, खिडकी तिथं, एसीसाठी भोक.

एका जानेवारीत ती माप घ्यायला एका खाणीवर गेली. सकाळचे सात वाजले होते. चौकीदार त्याच्याच केबिनबाहेर शेकोटीशी बसला होता. आत काऊन नाही बसत, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, आत बाहेरपेक्षा जास्त थंडी वाजते. लोखंड रात्रभर निवतं. आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यातही बाहेरच बसतो. मग ही खोली कशासाठी आहे? तो म्हणाला, साहेबलोक कागद ठेवतात.

त्या दिवसापासून ती नकाशे काढताना चिडू लागली. कुणावर चिडावं हे तेव्हा कळत नव्हतं. ती पंकज सरांकडे गेली. पंकज हा आदिलाबाद शहरातला, कारखान्याचा मॅनेजर. तो म्हणाला, काढ तुला काय काढायचं ते, रोजचं काम सांभाळून काढ. ती काढत बसली. जुना फिटर डोमाजी तिच्या मदतीला आला. भंगारातलं लोखंड, एका रद्द झालेल्या ऑर्डरीतलं सामान, असं जोडून दोघांनी अंगणात एक खोली उभी केली. भिंतीत उष्णता अडवणाऱ्या दगडी लोकरीचा जाड थर. छतात त्याहून जाड. छताच्या वर हातभर जागा सोडून दुसरं छप्पर, चारी बाजूंनी मोकळं, म्हणजे मधून वारा वाहावा. त्या वरच्या छपरावर सौर पाट्या, दोन पंखे आणि चार दिवे चालतील इतक्या. खिडक्या उत्तर-दक्षिण, समोरासमोर, उघडणाऱ्या, त्यांच्यावर सज्जा. लांब बाजू कधीच पश्चिमेकडे नाही. वरचं छप्पर सुटं. खोलीबरोबर चपटं बांधून न्यायचं आणि जागेवर बसवायचं.

मागच्या मे महिन्यात बाहेर सावलीत चव्वेचाळीस होतं तेव्हा त्या खोलीत चौतीस होतं. एसी नव्हता, एकच पंखा होता. डोमाजी जेवणाचा डबा घेऊन आत आला आणि खाऊन तिथंच झोपला. मग कारखान्याचा मालक, सेठ, पाहायला आला. तोही तासभर बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली टेबल-खुर्ची तिथं हलवायला सांगितली. तेव्हापासून ती खोली सेठचं ऑफिस झाली. ग्राहक आले की तो त्यांना आत बसवायचा, चहा द्यायचा आणि विचारायचा, बोला, एसी कुठे आहे? खाणीची आठ खोल्यांची ऑर्डर त्या चहावर मिळाली होती.

मार्चमध्ये, दीपमाला लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेली असताना, आठ खोल्या तयार होऊन गेल्या. दीपमालाच्या नकाशाची एकेक प्रत प्रत्येक दाराशी काचेत लावली होती, कारण आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते दाखवावं लागतं. खाली कोपऱ्यात तिचं नाव. संगणकावरच्या आपल्या नकाशाचा फोटो तिनं माय बयनाबाईला दाखवला होता.

फोन आल्यावर पंकज म्हणाला, "जा, बघून ये. त्यांना नीट वापरता येत नसेल. दारं उघडी ठेवत असतील. समजावून सांग."

डोमाजीला बरोबर घे, असंही म्हणाला. डोमाजी वाटेत काही बोलला नाही. एरवी तो गाडीत बसला की गाव येईपर्यंत तोंड बंद करत नसे.

चुनखडीची खाण म्हणजे सगळं पांढरं. जमीन, रस्ता, झाडं, माणसांच्या भुवया. ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. दीपमाला उतरली तेव्हा पंधरावीस बाया उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरखाली, चाकांच्या मधे बसल्या होत्या. क्रशरच्या पट्ट्याखाली सांडलेली खडी उचलण्याचं काम त्या करायच्या. चाळीस पावलांवर त्यांच्यासाठीची खोली रिकामी उभी होती.

तिच्या डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं.

दीपमालाला वाटलं, अजून बसवायचं राहिलं असेल. मग तिनं पाहिलं की ते बसवायला कडेनं जे बोल्टाच्या भोकांचे लोखंडी कान वेल्ड करायचे होते तेच नव्हते. खिडक्या दोनच होत्या, दोन्ही पश्चिमेला, आणि त्या उघडणाऱ्या नव्हत्या. त्यांच्याखाली एसी बसवला होता. बंद.

टँकरखालून एक पन्नाशीची बाई बाहेर आली. तोंडाला बांधलेला फडका सोडत तिनं दाराशी लावलेल्या नकाशाकडे बोट केलं.

"हे नाव तुह्यं हाय का?"

"हो मावशी."

"मी जयवंताबाई. तूच काढला का हा डब्बा?"

"मी काढला तो असा नव्हता."

"असा नव्हता तं कसा होता? आमाले तं हाच भेटला." ती बाजूला झाली. "जा. आत बसून पाय. दार लावून घे. दहा मिन्ट बस, मंग बोलू."

नरसिंगराव आला होता, तो म्हणाला नको मॅडम. पण दीपमाला आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कोपऱ्यात बाकडं होतं, त्यावर बसली. हातातल्या तापमापकावर सत्तेचाळीस दिसत होतं. बाहेर, टँकरच्या सावलीत, चव्वेचाळीस होतं. तिसऱ्या मिनिटाला कानामागून घाम मानेवर उतरला. पाचव्याला तिला श्वास तोंडानं घ्यावा लागला. भिंतीला पाठ टेकवता येईना. वरून पत्रा तडतडत होता, आणि तेवढ्या आवाजावरून तिला कळलं की छतात काहीच नाही. थर असता तर तो आवाज आत आला नसता. एसीच्या बाजूला वायर जायचं भोक होतं. तिनं त्यात बोट घालून ओढलं. पांढरे हलके दाणे तिच्या मांडीवर पडले. थर्माकोल, बोटाच्या पेराएवढा जाड, तोही तुकडे जोडून.

दहा मिनिटं झाल्यावर ती बाहेर आली. जयवंताबाईनं तिच्या हाती पाण्याची बाटली दिली. दीपमालानं ती घेतली, पण प्यायली नाही.

"एसी काऊन बंद हाय?" तिनं विचारलं.

"जनरेटर बंद ठेवते ठेकेदार. साहेब येनार असले की लावते. साहेब गेले की बंद."

दीपमाला डोमाजीकडे वळली. तो खोलीच्या सावलीच्या कडेला मान खाली घालून उभा होता.

"काका, तुमाले माहीत होतं?"

"मीच भरला," डोमाजी म्हणाला. "सांगतलं तसं भरला."

"अन् मले नाई सांगतलं."

"तू सुट्टीवर होती. मंग आल्यावर… मंग नाई सांगतलं."

तिला त्याला मारावंसं वाटलं. तिच्या बापाच्या वयाचा माणूस, ज्यानं पहिल्या खोलीत डबा खाल्ला होता आणि झोपला होता. परतताना ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि डोमाजी मागे. कारखाना येईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

पंकज सेठच्या ऑफिसात होता, म्हणजे तिच्याच खोलीत. सेठही होता. पंखा फिरत होता. बाहेरून आलेल्या तिच्या ओल्या पाठीला तो गारवा लागला आणि तिचा राग आणखी वर चढला.

"सर, छतातला थर कुठं गेला? वरचं छप्पर कुठं गेलं?"

"उंची बसत नव्हती ट्रेलरवर," पंकज म्हणाला.

"छप्पर चपटं बांधून जाते. तिथं बोल्टानं बसते. तुमीच पाह्यलं हाय बसवताना."

पंकजनं फाइल उघडून एक कागद पुढे सरकवला. तिचाच नकाशा, वर लिहिलेलं 'सुधारित दोन'. एक छप्पर, पातळ भिंती, पश्चिमेच्या खिडक्या. कोपऱ्यात तिचं नाव. त्यावरच्या तारखेला ती मावसबहिणीच्या लग्नात भीमपूरला होती.

"हे मी नाई काढलं."

"तुझ्याच फाइलमध्ये बदल केलाय. नाव तिथं आधीपासून होतं. मुद्दाम कोणी टाकलं नाही."

"काढलंबी नाई मुद्दाम."

सेठ शांतपणे म्हणाला, "बेटी, दो टन का एसी दिया है ना? चलाना उनका काम है."

"एसी जनरेटर पे चलता है सेठ. ठेकेदार जनरेटर चलाताच नहीं. मेरा कमरा बिना एसी के चलने वाला था. इसी वास्ते तो बनाया था."

"सब लोग ऐसाइच देते."

"तो आप उसमें बैठो," दीपमाला म्हणाली. "यह वाला उनको दे दो."

सेठ हसला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पंकज तिला बाहेर घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला की सोमवारी खाणीची टीम येते आहे, चाळीस खोल्यांची नवी ऑर्डर आहे, ती मिळाली की नकाशा विभाग तुझ्याच हाताखाली देऊ, तोवर गप्प बस. "आणि ती बाई आता ठीक आहे ना? मग?"

शनिवारी ती गावी गेली. बयनाबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "नोकरी सोडू नको. भांडन कर, पन सोडू नको." उद्धवरावांनी विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

"कोनत्या?"

"जे बेसुद पडली."

दीपमालाला नाव माहीत नव्हतं. ती खाणीवर जाऊन आली होती, दहा मिनिटं आत बसली होती, थर्माकोल काढून पाहिलं होतं, आणि जी पडली ती कोण, कुठे आहे, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. तिला फक्त आपलं नाव दिसलं होतं. तिनं तिथल्या तिथं नरसिंगरावला फोन लावला. त्यालाही आठवेना. त्यानं कुणाला तरी विचारून अर्ध्या तासानं सांगितलं, पंचफुला. दोन दिवस सरकारी दवाखान्यात होती, आता घरी आहे.

त्या अर्ध्या तासात दीपमालानं सोमवारी काय करायचं ते ठरवलं.

सोमवारी टीमचे चौघे आले. नरसिंगराव त्यात होता. सेठनं त्यांना ऑफिसात बसवलं. चहा आला. सेठनं तेच विचारलं, एसी कुठे आहे सांगा? खरेदीचा मोठा साहेब छताकडे पाहून म्हणाला, वाह. दीपमालाला नकाशे दाखवायला दारात उभं केलं होतं.

ती म्हणाली, "साहब, यह कमरा आपको नहीं मिलने वाला."

पंकज म्हणाला, "दीपमाला."

"पिछले आठ में भी नहीं मिला. नरसिंगराव साहब को पूछो. जो मिलता है वो बाहर खडा है, आके देखो."

नरसिंगराव आधी उठला. तो उठला म्हणून बाकीचे उठले. अंगणात पाच खोल्या दुसऱ्या एका ठिकाणी जायला तयार होत्या, पांढऱ्याशुभ्र, रंगाचा वास अजून जात नव्हता. दीपमालानं डोमाजीला हाक मारली आणि पत्रा कापायचं कटर आणायला सांगितलं. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

डोमाजी कटर घेऊन आला. पंकज म्हणाला, "डोमाजी, ते ठेव खाली."

डोमाजीनं वायर सोडवत बोर्डापर्यंत नेली.

"डोमाजी, नोकरी जाईल."

"साहेब, यात मीच भरला हाय," डोमाजी म्हणाला. "मलेच काढू द्या."

त्यानं प्लग लावला. दीपमाला हात पुढे करून उभी होती, पण कटर त्यानं तिला दिलं नाही. त्यानं भिंतीवर खडूनं चौकोन आखला आणि कापला. ठिणग्या उडाल्या. पत्र्याचा तुकडा खाली पडला आणि त्यामागून थर्माकोलचे दाणे वाऱ्यानं उडून साहेबांच्या बुटांवर, पँटीवर चिकटले. डोमाजीनं खिशातून माचीस काढली, एक तुकडा पेटवला आणि जमिनीवर टाकला. तो काळा धूर करत गळून गेला. दगडी लोकर पेटत नाही, हे नरसिंगरावला सांगावं लागलं नाही. त्याच्या खाणीत रोज वेल्डिंग चालतं. मग डोमाजी स्टुलावर चढला, आतल्या प्लास्टिकच्या छताची पट्टी त्यानं हातानं ओढून काढली. वर फक्त पत्रा होता. खरेदीच्या साहेबानं स्टुलावर चढून पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

सेठ कुणावर ओरडला नाही. त्यानं टीमला गाडीपर्यंत सोडलं. परत आल्यावर त्यानं दीपमालाकडे पाहिलंही नाही, पंकजला म्हणाला, "दोनों को गेट तक छोड दो."

लोकांना वाटतं की खरं उघडं पडलं म्हणजे गोष्ट संपली. तसं झालं नाही. पंधरा दिवसांनी नरसिंगरावनं तिला खाणीच्या ऑफिसात बोलावून सेठचं पत्र दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मूळ नकाशात त्रुटी राहिल्यामुळे खोल्या तापल्या, संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केलं आहे. दीपमाला ते पत्र उभ्यानं वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं पिशवीतून आपला पहिला नकाशा काढला आणि टेबलावर उलगडला. त्यावर खाणीच्याच ऑफिसचा शिक्का होता, नोव्हेंबरचा.

"यह आपके पास था," ती म्हणाली. "मार्च में जो आया वो ऐसा नहीं था. किसने लिया?"

नरसिंगरावनं वाकून शिक्क्यावरची तारीख वाचली.

"सुधारित दोन पे भी आपके ऑफिस की सही है. बिना देखे की. आपने भी नहीं देखा."

"मैं मार्च में जॉइन हुआ."

"कमरा तो मार्च से खडा है. एक दिन अंदर बैठे?"

तो नाही म्हणाला. निदान खोटं बोलला नाही. त्यानं विचारलं, या आठ खोल्या दुरुस्त होतील का? ती म्हणाली, होतील, पण माझ्या डोळ्यांदेखत, आणि काम डोमाजी करील. खाणीनं तसं लिहून दिलं. जून आणि जुलैमध्ये चिखलात दोघांनी आठही खोल्या उघडल्या. थर्माकोल पोत्यांत भरून बाहेर काढलं. छतात लोकर भरली, वरची छपरं चढवली, पश्चिमेच्या खिडक्या बुजवून उत्तर-दक्षिण कापल्या. सौर पाट्यांचं काम खाणीनं पुढच्या वर्षावर ढकललं. तिनं आणि नरसिंगरावनं त्यावरून आठ दिवस वाद घातला, शेवटी चार खोल्यांवर पाट्या बसल्या, चारांवर नाही. त्या चारांत आजही पंखे जनरेटरवर आहेत, म्हणजे नाहीत.

डोमाजीशी ती कामापुरतं बोलायची. एकदा जेवताना तो म्हणाला, "दीपा, मले माफ कर." ती म्हणाली, "मी पडली नव्हती काका, आत." ऑगस्टमध्ये एका रविवारी डोमाजी आणि ती पंचफुलाच्या घरी गेले.

पंचफुला तिशीची बाई. दारात बसून डाळीतले खडे निवडत होती. तिनं त्यांना चहा केला. तिच्या मनात काहीच राग नव्हता आणि तेच दीपमालाला सोसेना. ऊन आता सोसत नाही, पंचफुला म्हणाली, डोळ्यांपुढे पिवळं होते. ठेकेदारानं हजेरीतून नाव काढून टाकलं. म्हणाला, तू कमजोर हायस.

"तू कमजोर नाई," दीपमाला म्हणाली. "खोली खराब होती."

"आता काय त्याचं. तुमी चांगल्या केल्या म्हने."

दीपमालानं ठेकेदाराला फोन केला, मग नरसिंगरावला. नरसिंगराव म्हणाला, माणसं घेणं-काढणं ठेकेदाराचं काम आहे, सेफ्टीचं नाही. ती लेबर ऑफिसात अर्ज देऊन आली. तिथला कारकून म्हणाला, अर्जी दाखल झाली, सुनावणीची पेशी लागेल तेव्हा कळवू. अजून कळवलेलं नाही. पंचफुला आता घरीच शिवणकाम करते.

दीपमाला आणि डोमाजीनं आदिलाबादजवळच्या मावल्यात एक शेड भाड्यानं घेतली आहे. दोघंच आहेत, वेल्डिंगला कधी तिसरा बोलावतात. चौकीदारांच्या खोल्या, पंपाच्या खोल्या, एका दूधसंकलन केंद्राची खोली, असं काम येतं. दर खोलीला दुसरं छप्पर असतं, ग्राहकानं मागितलं नाही तरी. काहीजण त्यावरून भांडतात आणि निघून जातात. हायवेवरचा कारखाना चालू आहे. त्याला चाळीसची ऑर्डर मिळाली नाही, दुसरीकडची साठची मिळाली. सेठ अजून तिच्या खोलीत बसतो, ग्राहकांना चहा देतो. हे कोणी सांगितलं की ती हातातलं काम थांबवते.

या एप्रिलमध्ये ती मोजमाप घ्यायला खाणीवर गेली. बाहेर त्रेचाळीस, आत पस्तीस. बाया खोलीत बसल्या होत्या, दोघी आडव्या झाल्या होत्या. जयवंताबाईनं तिला खोलीत बसू दिलं नाही. मनगट धरून क्रशरच्या मागे घेऊन गेली. तिथं उन्हात एक पत्र्याचा खोका उभा होता, उभं राहता येईल एवढा, त्याचं दार तारेनं बांधलेलं.

"हे आमचं संडास. तिथं आमी दिवसभर पानी पीत नाई, काऊन की इथं यावं लागते. हे कोनं काढलं?"

"मी नाई काढलं मावशी."

"तं आता काढ."

तिनं आठ दिवसांत काढलं. चार संडासांचं एक घर, भिंतींना वर जाळ्या, दुहेरी छप्पर, पाण्याची टाकी सावलीत. नकाशा घेऊन ती खाणीच्या ऑफिसात गेली. नरसिंगरावची बदली झाली होती. त्याच्या जागी आलेल्या साहेबानं कागद न उलगडता ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाला, हे यंदाच्या योजनेत नाही, ठेवून जा, बघू.

दीपमालानं ट्रेमधला कागद उचलला, त्याच्यापुढे टेबलावर उलगडला, चारी कोपऱ्यांवर त्याच्याच फायली ठेवल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"देखो," ती म्हणाली. "मेरे सामने देखो. मुझे कहीं नहीं जाना."